पगाराची खिडकी : एका मिठागरवाल्याच्या घराचं संग्रहालय होताना

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला एक गावठाण आहे. गावाचं नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे येईल. चार-पाच मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि त्यांच्या मधोमध एक कौलारू, माडीचं घर अजून तग धरून आहे. गावात त्याला कोणी वाडा म्हणत नाही, बंगला तर नाहीच. 'शेटचं घर' म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. या घराची एकेकाळी खाडीकाठी मिठागरं होती. घराच्या दर्शनी खोलीला, म्हणजे पेढीला, अंगणाकडे उघडणारी एक लहान गजांची खिडकी आहे. दर शनिवारी त्या खिडकीतून मजुरी वाटली जायची.

घराचे आजचे मालक, शेटचे नातू, नौपाड्यात राहतात. बिल्डरांची रांग लागलेली असताना त्यांनी घर पाडायला नकार दिला, हे आधीच नोंदवून ठेवतो. पुढे त्यांच्याविषयी जे येणार आहे त्याच्या शेजारी हेही असलं पाहिजे. घराचं छोटं संग्रहालय करावं असं त्यांच्या मनात होतं. वजनाचा काटा, चोपड्यांची पेटी, मीठखात्याच्या साहेबांबरोबरचे आजोबांचे फोटो, सगळं जपलेलं होतं. कमी होते ते गावाचे आवाज. मी शाळेत इतिहास शिकवायचो, निवृत्त झालोय, मोडी वाचता येते. एवढ्या भांडवलावर त्यांनी मला विचारलं, "सर, गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून द्याल का?" मी हो म्हटलं. कॉलेजातली तीन मुलं मदतीला घेतली.

पहिले दोन महिने वाया गेले, आणि ते माझ्यामुळे गेले.

आम्ही मुलाखती घरातच ठेवल्या. माजघरात पंखा, कोरीवकामाचं टेबल, त्यावर दोन माईक, दारं-खिडक्या बंद म्हणजे रस्त्याचा आवाज नको. कपबशीतून चहा. माझ्या हातात बत्तीस प्रश्नांची छापील यादी. 'मिठागरात कामाचे टप्पे कोणते असत?' अशा धर्तीचे ते प्रश्न. दहावीच्या पेपरात शोभले असते. लोक आले, बोलावलं म्हणून आले. इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या कडेवर बसून आठ-दहा मिनिटं बोलले. शेट देवमाणूस होते, काम कष्टाचं होतं, मग सिडको आली, मग चौऱ्याऐंशीचं आंदोलन झालं. संपलं. ध्वनी इतका स्वच्छ की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, आणि ऐकण्यासारखं काही नाही.

चौऱ्याऐंशीबद्दल थोडं सांगायला हवं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवीन शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्या जमिनीत भातशेती होती, खाजणं होती, मिठागरंही होती. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा उभा राहिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला उरण भागात, जासई-दास्तान फाटा परिसरात, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. दर जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन होतं, भाषणं होतात, त्यामुळे ही कहाणी गावोगावी सगळ्यांना तोंडपाठ आहे. ती खरी आहे आणि मोलाचीही. पण एखादी गोष्ट चाळीस वर्षं व्यासपीठावरून सांगितली गेली की तिला धार येते, घाट येतो, आणि सांगणारा स्वतः त्यातून हळूच बाजूला होतो. 'तेव्हाचं सांगा' म्हटलं की हीच गोष्ट बाहेर येते. तिच्यामागची, कोणी कधी न विचारलेली मिठाची आठवण तशीच आत राहते.

खिडकीखाली

एका रविवारी ऐंशीच्या आसपासच्या एक आजी आल्या. आत सहा मिनिटं बोलल्या. उठल्या, पुढच्या दारातून बाहेर पडल्या आणि वाटेला लागण्याऐवजी अंगणाला वळसा घालून पेढीच्या खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या. मी चपला द्यायला मागोमाग गेलो. त्या म्हणाल्या, "आमी यथं उभ्या ऱ्हायाचो. आतमंदी आज पयल्यांदा आलू."

मग त्या खिडकीखालच्या जोत्यावर बसल्या आणि तासभर बोलल्या. रेकॉर्डर आत टेबलावर होता, बंद. मी तो आणायला उठलो असतो तर बोलणं तुटलं असतं. मी उठलो नाही. घरी जाऊन आठवेल तेवढं वहीत उतरवलं. मुलाखतीचं खरं बोलणं चपला घालताना सुरू होतं हे या कामातल्या कोणालाही विचारा. मला ते बासष्टाव्या वर्षी कळलं.

तेव्हा बत्तीस प्रश्नांची यादी फाडली आणि घरातून बाहेर पडलो. पुढच्या मुलाखती देवळाच्या सभामंडपात झाल्या, सुकी मासळी निवडत बसलेल्या बायकांच्या घोळक्यात झाल्या, आणि सगळ्यात चांगल्या बांधावरून चालताना झाल्या. मिठागरं बंद पडल्यावर तिथे तिवरं माजली आहेत. बांधाचा एक तुकडा मात्र शाबूत आहे आणि सकाळी त्यावरून सोसायटीतली मंडळी जॉगिंग करतात. त्या बांधावर म्हाताऱ्या माणसाला उभं केलं की प्रश्न विचारावाच लागत नाही. पाय सांगतात. "हितं उघाडी होती." उधाणाच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी अडवणारं दार, उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात साठवायचं, उन्हानं आटवत एका कोंडीतून, म्हणजे उथळ वाफ्यातून, दुसऱ्या कोंडीत सोडायचं. त्याआधी, दिवाळी सरली की, कोंड्यांचे तळ पायांनी तुडवून घट्ट करायचे. हे काम बायका आणि पोरं करत, ओळीनं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून.

पाणी तयार झालं हे कसं कळायचं, असं एका बुवांना विचारलं. पुस्तकी उत्तर मला माहीत होतं : समुद्राचं पाणी साधारण साडेतीन अंश बोमे (खाऱ्या पाण्याचा दाटपणा मोजायचं माप) असतं, पंचविसाच्या आसपास मीठ धरायला लागतं आणि एकोणतीस-तिसाच्या पुढे जाऊ दिलं तर मॅग्नेशियमचे क्षार उतरून मीठ कडू होतं. बुवा म्हणाले, पाणी आधी तांबूस होतं, मग वाऱ्याबरोबर लाट उठेनाशी होते, "तेलासारका जड". तेव्हा मीठ पिकतं. आणि पिकलेलं ओढून घेतल्यावर खाली उरलेलं पाणी टाकून द्यायला मुकादम उशीर करायचा, कारण तेवढ्यात आणखी चार टोपल्या निघायच्या. ते मीठ कडू असायचं. "त्या गावातल्या दुकानान यवाचा." हे कुठल्याही चोपडीत नाही.

'बाई ४'

चोपड्यांकडे वळतो, कारण या प्रकरणाचा पीळ तिथे आहे.

पेटीतल्या जुन्या वह्या मोडीत आहेत, पन्नासच्या दशकापासूनच्या बाळबोधीत. २६ जुलै २००५च्या पावसात काही भिजल्या, पानं चिकटली. उरल्या त्यांत हजेरी, खाडे, उचल, वजावट असं नेटकं लिहिलेलं आहे. पुरुष मजुरांची नावं आहेत, बापाच्या नावासकट. बायकांच्या ठिकाणी नुसतं 'बाई ४', 'बाई ६'. नाव नाही. मजुरी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावापुढे मिळवलेली. कागदावर विश्वास ठेवला तर या मिठागरात एकाही बाईनं काम केलेलं नाही. चारानं, सहानं केलं.

आम्ही त्या वर्षांची पानं घेऊन सभामंडपात बसलो. मी तारीख आणि पुरुषांची नावं वाचायचो आणि बायका सांगायच्या, अमका होता ना, मग त्या चौघींत त्याची बायको, त्याची थोरली, आणि अमकीची जाऊ. वाद व्हायचे. "ती तवा बालंतीन होती, ती कशी असल?" दोन दुपारींत एका हंगामाच्या बऱ्याच 'बाई'ना नावं मिळाली. मौखिक इतिहास म्हणजे कागदाला पूरक, असं मी वर्गात सांगायचो. इथे पूरक वगैरे काही नव्हतं. कागदानं गाळलेलं होतं आणि बायका ते भरून काढत होत्या, चुकत, भांडत, एकमेकींना दुरुस्त करत.

आठवण चुकते, हे खरंच. मिठागर बंद कसं पडलं असं विचारलं की तिघांनी तरी सांगितलं : गोळीबार झाला त्याच वर्षी बांध फुटला आणि संपलं. कागद पाहता जमीन त्याच्या कितीतरी आधीच संपादनात गेली होती. इटलीतल्या तेर्नी शहरात १९४९ साली पोलिसांच्या गोळीनं एक तरुण कामगार मेला, आणि पुढे तिथले कामगार ती घटना १९५३च्या कामगारकपातीत घडली असं सांगू लागले. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी याचा माग काढला. साल चुकीचं होतं, पण अपमानाचं खरं टोक कुठे होतं ते त्या चुकीनं दाखवलं. आमच्या बुवांनाही बांध चौऱ्याऐंशीतच फुटायला हवा होता. लिप्यंतरात आम्ही त्यांचं साल तसंच ठेवलं आणि समासात कागदावरची तारीख लिहिली.

लिप्यंतराची वेगळीच कथा. मुलांपैकी एकानं मोबाइलवरच्या सॉफ्टवेअरला ध्वनिफीत ऐकवली, तर त्यानं 'आगरान' (म्हणजे मिठागरात) हे 'आग राणी' केलं. दुसऱ्यानं हातानं उतरवलं आणि चांगल्या हेतूनं सगळं सुधारलं : 'मीठ पिकला' होतं तिथे 'पिकलं', 'पानी'चं 'पाणी', 'मना'चं 'मला'. तो स्वतः आगरी घरातला. मी विचारलं तर म्हणाला, "सर, संग्रहालयात लागणार ना, शुद्ध नको का?" शाळेत मीच असल्या शब्दांखाली तीस वर्षं लाल रेघा मारल्या होत्या, तेव्हा त्याला काय बोलणार. सगळं पुन्हा उतरवलं, जसं बोललं तसं. अजूनही दोघं मिळून एका तासाच्या फितीला सात-आठ तास लागतात.

उचल

आता खरी अडचण. बायकांच्या बोलण्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. एक म्हणजे वजावट : अवकाळी पावसानं रास विरघळली की त्या आठवड्याची मजुरी कापली जायची. दुसरी उचल. लग्नाला, आजारपणाला शेटकडून आगाऊ पैसे घ्यायचे, ते हंगामात फेडायचे, आणि फिटेपर्यंत दुसऱ्या आगरात कामाला जायचं नाही. एका आजींचं वाक्य होतं की लग्न माझं झालं आणि बांधली गेली माझी आई.

नातवाला मी हे ऐकवलं. ऐकवायलाच हवं होतं. घर त्यांचं, खर्च त्यांचा. ते गप्प झाले. मग आतून एक चोपडी घेऊन आले आणि बोट ठेवून दाखवू लागले : ही पाहा उचल, लग्नासाठी. ही, औषधासाठी. ही तर पुढे माफच केलेली. "सर, आजोबांनी किती घरांची लग्नं लावून दिली! आमच्याकडे हे अभिमानानं सांगतात. आणि तुम्ही त्यालाच सावकारी म्हणता?"

मी काही म्हणत नव्हतो. पण त्या दुपारी माझ्या ध्यानात आलं की दोघं एकाच ओळीकडे बोट दाखवतायत. घराच्या आठवणीत उचल म्हणजे दिलेला हात. अंगणाच्या आठवणीत उचल म्हणजे पायातली बेडी. शब्द तोच, आकडा तोच. माफ केलेली उचलही खोटी नव्हती आणि न फिटलेलीही खोटी नव्हती. संग्रहालयानं यातली एक आठवण निवडली असती तर निम्मं खोटं ठरलं असतं.

मी त्यांना दोन पर्याय दिले. एक, फिती काढून टाका आणि घराचं संग्रहालय करा. काटा, फोटो, चोपड्या, सुंदर होईल. दुसरा, चोपडीचं तेच पान खिडकीशेजारी लावा आणि शेजारी आजींचा आवाज. तिसरा पर्याय, म्हणजे फक्त गोड गोड आठवणी निवडून लावणं, मी करणार नाही. तीन आठवडे फोन आला नाही. मला वाटलं, संपलं. मग त्यांचा निरोप आला की पान लावू, पण माफीची ओळही त्याच पानावर दिसली पाहिजे. ही अट रास्त होती आणि मी ती आधीच सुचवायला हवी होती.

एक फीत

गावाचं नाव न देण्याचं कारण ही फीत. एक आजी बांधावर चालताना मिठाबद्दल बोलता बोलता जमिनीवर आल्या. संपादनाच्या वेळी भावांनी त्यांना एका कागदावर अंगठा करायला लावला. तो हक्कसोडीचा होता हे त्यांना पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, जेव्हा साडेबारा टक्क्यांचा भूखंड निघाला आणि त्यात त्यांचा वाटा नव्हता. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वारसाहक्क १९५६च्या कायद्यापासून आहे, आणि २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत ती जन्मानंच मुलाच्या बरोबरीची वाटेकरी झाली. त्यामुळे त्यांनी सांगितलं ती नुसती आठवण नव्हती, उद्या कोर्टात वाचली जाऊ शकेल अशी गोष्ट होती. आठवड्याभरात त्यांचा पुतण्या आला. शांतपणे बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "मास्तर, ती फीत पुसून टाका. म्हातारीला काही कळत नाही."

संमतीपत्रावर आजींचा अंगठा होता. पण एका अंगठ्यानं फसलेल्या बाईला आम्ही दुसऱ्या छापील कागदावर अंगठा करायला लावला होता, ही गोष्ट मला त्या क्षणापर्यंत सुचली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, सुनेच्या उपस्थितीत नाही, मासळी बाजारात. काय करू विचारलं. पुसू का? त्या हसल्या. "पुसायला सांगाला पुतन्या आलता नं? मंग ठेव. पन माज्या हयातीन कोनाला आयकवू नको." सर्व्हे नंबर, भावांची नावं, गावाचं नाव वगळून आम्ही एक पानी गोषवारा केला, मूळ फीत घरात ठेवली नाही. ती शेटच्या घरात ठेवणं मला बरं वाटेना आणि माझ्या घरात ठेवणंही बरोबर नाही. सध्या ती बंद पाकिटात, गावातल्या बायकांच्या बचतगटाच्या कपाटात आहे, दोन कुलपांची. मी तेव्हा रेकॉर्डर बंद करायला हवा होता का, यावर माझं आणि मुलांचं अजून एकमत नाही.

त्यानंतर संमतीची रीत बदलली. सही बोलण्याआधी घेत नाही. बोलून झाल्यावर, फीत त्यांना परत ऐकवून, 'यातलं काय ठेवायचं' असं विचारून घेतो. संमती तोंडी, त्याच फितीच्या शेवटी, त्यांच्या शब्दांत. बहुतेक जण काहीच काढायला सांगत नाहीत. एका बुवांनी आपलं शिवी दिलेलं वाक्य काढायला लावलं आणि चार दिवसांनी परत घालायला लावलं. प्रत्येक फितीच्या दोन प्रती होतात, एक घराकडे, एक गावाकडे. घराला गावाची प्रत मागता येत नाही. ही अट नातवानं लेखी मान्य केली तेव्हा खरं तर माझ्या मनातली त्यांच्याबद्दलची अढी सुटली.

संग्रहालय अजून पूर्ण झालेलं नाही; छपराची कौलं बदलायची आहेत, पावसाळा तोंडावर आहे. खिडकी तयार आहे. चोपडीचं पान आतल्या बाजूला लावलंय आणि आवाज अंगणात, खिडकीखालच्या जोत्यावर बसूनच ऐकू येतो. आत उभं राहून पान वाचता येतं, बाहेर बसून ऐकता येतं. दोन्ही एकाच वेळी करता येत नाही. काही पाहुणे तक्रार करतात. ती मांडणी मुलांची आहे, मी विरोध केला होता.

गेल्या महिन्यात नातवाच्या थोरल्या बहीण डोंबिवलीहून आल्या होत्या. जोत्यावर बसून त्यांनी सगळी फीत ऐकली, दोनदा. जाताना मला म्हणाल्या, शनिवारी आम्हा मुलींना त्या खिडकीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. मी माडीच्या फटीतून बघायचे, आणि त्या रांगेत माझ्याच वयाची एक मुलगी असायची. पुढच्या आठवड्यात त्यांची मुलाखत ठरली आहे, डोंबिवलीला, त्यांच्या घरी. त्यांनी एकच अट घातली आहे, की भाऊ तिथे नको.